शेजारचे रेलिगेट झाले, आम्ही हसलो... आणि मग त्यांची खरेदी सुरू झाली

मीठ_मिरची
परवा भाच्याने व्हॉट्सॲपवर संडरलंड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या २०२५ च्या उन्हाळ्यातल्या खरेदीची यादी टाकली. लेव्हरकुसेनचा झाका, स्ट्रासबुर्गचा दियारा, ब्रायटनचा अडिंग्रा... खाली लिहिलंय, "मावशी, तुझा गरीब क्लब बघ." हसले, फोन ठेवला आणि झोपच उडाली. एकदम २०१६ डोळ्यांसमोर.

मी २०१५ ते १७ संडरलंडला शिकायला होते. फुटबॉलशी संबंध शून्य. समुद्राजवळच्या एका मासे-चिप्सच्या दुकानात आठवड्यातून चार संध्याकाळी बटाटे सोलायचे. मालक पक्का लाल-पांढरा, म्हणजे संडरलंडवाला. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी शेजारच्या न्यूकॅसलहून मेट्रोने यायची, ती तेवढीच पक्की काळी-पांढरी, न्यूकॅसलवाली. दोघांत मी.

११ मे २०१६ ला संडरलंडने एव्हर्टनला ३-० हरवलं. त्या एका निकालाने आम्ही वाचलो आणि न्यूकॅसल रेलिगेट झालं, म्हणजे खालच्या डिव्हिजनला गेलं. मालकाने त्या रात्री येईल त्याला माशाचा जादा तुकडा फुकट दिला. त्या मुलीने डोक्यावरची जाळी कानांपर्यंत ओढून घेतली आणि दुकान बंद होईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

आम्हाला वाटलं, संपला यांचा खेळ. कसचं काय. त्यांचा कोच राफा बेनितेझ खालच्या लीगमध्ये कशाला राहील म्हणत होते सगळे, तो राहिला. वाइनाल्डम लिव्हरपूलला अडीच कोटी पौंडांना गेला, सिसोको स्पर्सला तीन कोटींना, आणि आलेल्या पैशांतून ड्वाइट गेल, मॅट रिची असा माल येत राहिला. गेल एकटा एक कोटीचा. मालक बटाट्याच्या पोत्यावर बसून पेपर वाचायचा आणि प्रत्येक नावाला "खालच्या डिव्हिजनला? एवढे?" असं मला विचारायचा. जणू मीच चेक फाडलाय. कळस म्हणजे येडलिन. आदल्या मोसमात तो लोनवर, म्हणजे उसना, आमच्याकडे खेळला, आम्हाला वाचवायला धावला, आणि ऑगस्टमध्ये त्यालाच न्यूकॅसलने विकत घेतलं! ती बातमी वाचताना मालकाचं कढईकडे लक्ष नव्हतं. तेलाचा धूर होऊन अलार्म वाजला, गिऱ्हाइकं रस्त्यावर.

आमच्याकडे काय? ॲलरडाइस इंग्लंडचा कोच व्हायला निघून गेला, मॉइस आला. १ कोटी ३६ लाख पौंड मोजून न्डाँग आणला, क्लबच्या इतिहासातली तोवरची सगळ्यात महाग खरेदी. मोसमाअखेर २४ गुण. २४ एप्रिल २०१७ ला न्यूकॅसल वर आलं, २९ एप्रिलला आम्ही खाली. मधे पाच दिवस. त्या पाच दिवसांत ती मुलगी आम्हाला एका शब्दाने बोलली नाही. फक्त बटाटे कापताना गुणगुणत होती. अख्खं दुकान ऐकत होतं.

तर, तुमचेही असे अनुभव लिहा. शेजारचा पडला, तुम्ही हसलात, मग त्याची खरेदी बघून पोटात दुखलं. कुठलाही क्लब, कुठलीही तालीम चालेल.

पावसात_लीड्स
झाका सोडा हो. आमच्यावर २०२३ मध्ये काय वेळ आली ते विचारा. खाली गेलो आणि कळलं की निम्म्या पोरांच्या करारात लिहिलंय, रेलिगेट झालात तर लोनवर जायची मुभा. हॅरिसन एव्हर्टनला, ॲरनसन युनियन बर्लिनला, कॉख फ्रँकफुर्टला. लग्नघरातून वऱ्हाड निघून जावं आणि मांडवात नवरदेव एकटा, तसं. आणि आमच्याबरोबरच पडलेलं लेस्टर बघा! मॅडिसन आणि बार्न्स विकून गल्ला भरला, वर स्पर्सचा विंक्स एक कोटीला उचलला. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनला, विंक्स! मी नाशिकला घरी बसून शिव्या घालत होतो. बायको म्हणाली, तुमच्या खिशातून गेले का?

सुलेखा_डोंबिवली
बायकोचं बरोबर आहे 😄

लेस्टरकर
पावसात_लीड्स, आम्ही ९७ गुण घेऊन पहिले आलो ना? मग खर्च वसूल. तुमचे ९० गुण, तरी प्लेऑफ, म्हणजे वर जायच्या शेवटच्या जागेसाठीची झुंज. आणि वेम्बलीला कोणी हरवलं, तर साउथॅम्प्टनने. तेही तुमच्याबरोबरच खाली आलेले.

पावसात_लीड्स
मीठ चोळायला आलात? अ‍ॅडम आर्मस्ट्राँगचं नाव आमच्या घरात घेत नाहीत. १-०, मे महिना, बाहेर उकाडा, आत इन्व्हर्टर संपलेला.

लेस्टरकर
पुढचं सांगतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. वर आलो, आमचा कोच मारेस्का चेल्सीला पळाला, आणि आम्ही घरच्या मैदानावर सलग ९ लीग सामने एकही गोल केला नाही. नऊ! मी त्यातल्या तीन सामन्यांना स्टेडियममध्ये होतो. थंडीत कुडकुडत. चौथ्या वेळी तिकीट मित्राला दिलं आणि बेल्ग्रेव्ह रोडवर जाऊन कोथिंबीर आणि ओला नारळ आणला. त्या दिवसाची तेवढीच कमाई. एप्रिल २०२५ ला परत खाली.

ताळेबंद
जीएसटी भरायचाय म्हणून थोडक्यात. इंग्लंडमध्ये खाली पडणाऱ्याला गादी मिळते, पॅराशूट पेमेंट म्हणतात तिला. वरच्या क्लबांना टीव्हीच्या पैशांतून जो समान वाटा मिळतो, त्याच्या पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी २०. वर एकच मोसम टिकून पडलात तर तिसरं वर्ष नाही. म्हणून नुकताच पडलेला शेजारी श्रीमंत दिसतो. तो श्रीमंत नसतो, त्याला नोकरी सुटल्यावरची रक्कम मिळालेली असते. काही जण त्यात कर्ज फेडतात, काही जण गाडी घेतात.

लेस्टरबद्दल एक गंमत. २०२२-२३ च्या तोट्यावरून प्रीमियर लीगने त्यांच्यावर कारवाई काढली होती. अपिलात लेस्टर जिंकलं. का? तर हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपतं आणि तोवर ते प्रीमियर लीगचे सदस्यच राहिले नव्हते. म्हणजे खाली पडल्यामुळे सुटले! अशी पळवाट मला माझ्या एकाही क्लायंटसाठी सापडलेली नाही.

मी स्वतः फॉरेस्टचा. शेजारी डर्बी. मालकाने स्टेडियम आपल्याच दुसऱ्या कंपनीला ८ कोटींच्या वर पौंडांना विकलेलं, पुढे दिवाळखोरी, २१ गुण कापले, २०२२ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनला. मी ऑफिसात पेढे वाटले होते. त्याच वर्षी आम्ही वर आलो, एका उन्हाळ्यात वीसहून जास्त खेळाडू आणले आणि २०२४ मध्ये आमचेही ४ गुण कापले. ऑफिसातल्या शिपायाने मला पेढा आणून दिला. एकच. कागदात गुंडाळून.

मीठ_मिरची
शिपाई 😂😂 त्याला माझा नमस्कार सांगा

रंकाळा_रात्री
तुम्ही कोटीकोटीच्या गोष्टी करताय, आमच्याकडं वर्गणीवर चालतंय. कोल्हापूर. इकडं तालमींच्याच फुटबॉल टीम असतात. तालमीचं नाव लिहीत नाही, घरी जेवायला मिळायला पाहिजे. शेजारच्या पेठेतली टीम एका मोसमात खालच्या गटात गेली. आमच्या पोरांनी रात्री बाराला त्यांच्या गल्लीतनं सायलेन्सर काढून गाड्या फिरवल्या. लई चूक केली. त्यांच्यातल्या एका मोठ्या माणसानं मनावर घेतलं. पुढच्या मोसमाला दोन आफ्रिकन खेळाडू आले, एक मणिपूरचा गोलकीपर आला, राहायला मंडळाची वरची खोली. सकाळी अंडी, दूध, रात्री मटण. आमच्या स्ट्रायकरला मॅचच्या दिवशी मिसळ मिळायची, आणि तीही उधारीवर.

पहिल्याच भेटीत त्यातल्या एकानं तीन गोल मारले शाहू स्टेडियमवर. आमचा कॅप्टन म्हणाला, याला तांबडा रस्सा मानवलाय.

पण एक सांगतो. मोसम संपल्यावर त्याला परत जायच्या तिकिटाला पैसे कमी पडले. ज्यांनी आणला ते फोन उचलेनात. मग आमच्या तालमीनं वर्गणी काढली. तीन गोल खाल्लेल्या गोलकीपरनं सगळ्यात जास्त दिले. जाताना पोरगा रडला राव.

सुलेखा_डोंबिवली
अरेरे. आणि ज्यांनी बोलावला ते?

रंकाळा_रात्री
ते पुढच्या वर्षी परत खाली गेले. आम्ही गाड्या नाही फिरवल्या.

मांडवी_काठ
गोव्याचं लिहितो. मामा साळगावकर क्लबचे, बाबा धेंपो क्लबचे, घरात रविवारी जेवणाच्या टेबलावर आई मधे बसायची. २०१५ मध्ये धेंपो आय-लीगमधून खाली गेलं. पाच वेळा देशाचे विजेते, आणि खाली! मामांनी वास्कोहून फोन करून फक्त "हॅलो" म्हटलं आणि ठेवला. बाबांना समजलं.

धेंपोने तेव्हा काही कोटी उधळले नाहीत. सेकंड डिव्हिजन मुकाट्याने जिंकली, २०१६ मध्ये परत वर. बाबांनी उलट फोन करायची तयारी केली होती, काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तेवढ्यात साळगावकर आणि स्पोर्टिंगने लीगच सोडली, पाठोपाठ धेंपोनेही. वरच्या मजल्यावर परत आलो तर मजलाच रिकामा. तो फोन बाबांनी केलाच नाही. दोघं मिळून फातोर्ड्याला एफसी गोवा बघायला जायला लागले. एकमेकांशी भांडायला काही उरलं नव्हतं म्हणून रेफरीशी भांडायचे. २०२४ मध्ये धेंपो परत आय-लीगमध्ये आलं. मामा आता नाहीत. बाबांनी मामींना फोन केला, "हॅलो" म्हणाले आणि ठेवला.

मीठ_मिरची
😢 मांडवी_काठ...

जुना_कूपरेज
तुमचे खाली गेले, परत आले. आमचा महिंद्रा युनायटेड २०१० ला सरळ बंदच झाला. रेलिगेशन म्हणजे निदान पत्ता बदलतो हो. २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकली तेव्हा मी जीपवाल्यांच्या नावाने चाळीत आरडाओरडा केला होता, वरच्या काकूंनी पाणी ओतलं. नंतर मुंबई एफसीला जीव लावला, तेही २०१७ मध्ये शेवटचे आले आणि गुंडाळलं. मी आता कुठल्याही क्लबला जीव लावत नाही, त्यांच्या भल्यासाठी.

पावसात_लीड्स
जुना_कूपरेज, तुम्ही मँचेस्टर युनायटेडला जीव लावा ना. प्लीज. चार-पाच वर्षं पुरे.

लेस्टरकर
+१

सुलेखा_डोंबिवली
मला एक विचारायचं होतं, ते मासे-चिप्समध्ये बोंबील का नाही वापरत? कॉडला काही चव असते का

मीठ_मिरची
सुलेखाताई, कॉडला व्हिनेगरची चव असते. मी एकदा मालकाला घरचा मसाला लावून तळून दिला. खाल्ला, डोळ्यांतून पाणी, म्हणाला "न्यूकॅसलवाल्यांना विक हा."

ताळेबंद
संडरलंडच्या पगारांचं कोणीच लिहिलं नाही. खाली गेल्यावर पगार आपोआप कमी व्हावा असं कलम रॉडवेलच्या करारात नव्हतं. आठवड्याला ७० हजार पौंड घेत होता असं तेव्हा छापून आलेलं. पिकफर्डला एव्हर्टनला विकून अडीच कोटी आले खरे, पण असल्या घरात पैसा आला काय न आला काय. डिफो तर फुकटात गेला. २०१८ ला थेट तिसऱ्या डिव्हिजनला. चार वर्षं तिथे!

मीठ_मिरची
माहितीय हो. २०१८ ला मी पुण्यात होते. मालकाचा मेसेज आला होता, फक्त एक फोटो. बटाट्याचं रिकामं पोतं. २०२२ ला वेम्बलीला विकमला हरवून वर आले तेव्हा भरलेल्या पोत्याचा फोटो.

रंकाळा_रात्री
मालक आमच्या पेठेतला वाटतोय

पावसात_लीड्स
आणि २०२५ ला आम्ही १०० गुण घेऊन वर. ग्रे, समरव्हिल, रटर सगळे विकून! बर्नलीचेही १००, पण गोलफरकाने पहिले आम्ही. बर्नलीने ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, तरी दुसरे 😎

जुना_कूपरेज
सोळा? आमच्या कॉलनीच्या टीमने एका रविवारी खाल्लेत.

सुलेखा_डोंबिवली
दूध उतू गेलं. तुमच्यामुळे.

भाचा_क्र_१
मावशी?? हा धागा तूच काढलायस ना. मासे-चिप्स आणि न्यूकॅसलची मुलगी आम्ही दर दिवाळीत ऐकतो. आणि यादी मी रात्री दहाला पाठवली होती, तू दोनला अंगठा दिलास. आईने विचारलंय झोपत का नाहीस. फोन कर तिला.

मीठ_मिरची
आईला सांग मावशी आंघोळीला गेलीय.