वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे एकच उत्तर चिकटवतात, मदत हवी आहे

खडू_डस्टर:
विज्ञानासाठी वर्गाचा ग्रुप काढलाय. रोज संध्याकाळी एक प्रश्न टाकते. दोन मिनिटांत कुणाचं तरी उत्तर येतं आणि मग तेच, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट, चाळीस वेळा. पोल टाकून पाहिला, तर मत देण्याआधीच कुठे किती पडलीत ते दिसतं, मग सगळे तिकडेच. उद्या पुन्हा प्रश्न टाकायचाय. प्लीज लवकर सांगा.

नीरक्षीर:
कितवीचा वर्ग? फोन कुणाचे?

बिंदूगामी:
सरळ टेलिग्रामवर या. तिथे पोलमध्ये 'क्विझ' प्रकार आहे. स्वतः उत्तर दिल्याशिवाय इतरांचा कल दिसत नाही, चूक की बरोबर लगेच कळतं, कारणही लिहून ठेवता येतं. मी भूगोलासाठी हेच वापरतो.

काळजीवाहू_पालक:
मुळात मुलांच्या हाती फोन द्यायचाच कशाला? ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. आणि आपण शाळाच फोनवर नेतोय.

बिंदूगामी:
त्या बंदीत व्हॉट्सॲप नाही. बाईंनी विचारलंय काय, आपण बोलतोय काय!

शांतसंध्या:
ग्रुप फार वाजत असेल तर ग्रुपच्या नावावर टॅप करा, म्यूटमध्ये 'नेहमी' निवडा. माझी डोकेदुखी गेली.

खडू_डस्टर:
आवाजाचा त्रास नाहीये हो. सातवी आहे, ५८ मुलं, फोन अर्थातच आईबाबांचे. टेलिग्राम म्हणजे ५८ घरांना नवीन ॲप घ्यायला लावायचं. नाही जमणार.

नीरक्षीर:
'अर्थातच' काय, हेच तर आधी सांगायचं! व्हॉट्सॲपची स्वतःची अट १३ वर्षांची आहे, तुमची बरीच मुलं १२ची असतील, म्हणजे फोन पालकांचाच असणार. मग उत्तर मुलाचं की बाबांचं, हा खरा प्रश्न. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करा आणि उत्तरं वैयक्तिक मागवा.

खडू_डस्टर:
रोज ५८ मेसेज तपासू कधी?

फळ्यासमोर:
सेटिंग राहू द्या, प्रश्न बदला. 'प्रकाश कसा प्रवास करतो' विचारलंत तर उत्तर एकच आहे, मुलं चिकटवणारच. त्याऐवजी सांगा, पट्टी उन्हात उभी धरा, सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता सावली मोजा, फोटो टाका. मी हे केलं तेव्हा आकडे जुळेनात म्हणून दोघी ग्रुपवरच भांडल्या. एकीची पट्टी १५ सेंमीची, दुसरीची ३०ची. सावली निम्मी का, ते तिसऱ्याच मुलाने सांगितलं. मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

नीरक्षीर:
छान, पण रोज असा प्रश्न कुठून आणणार? हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर १९९०च्या दशकापासून भौतिकशास्त्र शिकवताना आधी प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर द्यायला लावतात, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. पहिलं उत्तर वर्गातच चिठ्ठीवर घ्या, ग्रुपवर फक्त चर्चा.

फळ्यासमोर:
कॉलेजातली मुलं आणि सातवीतली मुलं यांत फरक आहे.

नीरक्षीर:
चिठ्ठी लिहायला कॉलेज लागत नाही.

खडू_डस्टर:
दोन्ही करते. उद्या चिठ्ठ्या, परवा शनिवारी पट्टी. पण ज्या सहा घरांत दिवसा फोनच नसतो त्यांनी फोटो कसे टाकायचे?

फळ्यासमोर:
फोटो नकोच त्यांना. सावलीच्या टोकाला कागदावर खूण करून सोमवारी कागद आणू देत. खरं तर सगळ्यांनाच तसं सांगा.