मूल उशिरा बोलतंय, तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

लेक २२ महिन्यांचा आहे. आई, मंमं, भुर्र आणि गाडी दिसली की पॉम, एवढ्यावर गाडी अडलीये. समजतं सगळं, चप्पल आण म्हटलं की बाबाची कुठली आजीची कुठली ते बरोबर ओळखून आणतो. पण काही हवं असलं की हाताला धरून फ्रिजपाशी नेणार, बोट दाखवणार आणि ऊं ऊं. घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत गप्प होता आणि आता थांबतच नाही, नवरा त्यांच्या बाजूने. मी रात्री मोबाइलवर वाचत बसते आणि जितकं वाचेन तितका गोंधळ. आमचे डॉक्टर म्हणाले दुसऱ्या वाढदिवसापर्यंत बघू. म्हणून विचारतेय, तुमच्याकडे काय झालं ते लिहा. कोणाकडे गेलात, काय उपयोगी पडलं, कशात नुसते पैसे गेले. गोड शेवट नसला तरी लिहा.

*

आई, नाशिक

सगळ्यात आधी कान तपासून घ्या. बाकी सगळं नंतर. आमच्या मुलीला ऐकू येतं याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती, कारण कुकरची शिट्टी झाली की वळायची, दाराची बेल वाजली की पळायची. ऑडिओलॉजिस्टने सांगितलं की शिट्टी एवढी मोठी असते की त्यावरून बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येतात का हे कळत नाही. तिला वर्षभर सारखी सर्दी, मधून मधून ताप, रात्री तोंड उघडं ठेवून झोपणं. टिम्पॅनोमेट्री म्हणून एक टेस्ट असते, कानात छोटं बोंडुक लावतात, मिनिटभराचं काम, दुखत नाही. त्यात निघालं की दोन्ही कानांत पडद्यामागे घट्ट पाणी साठलंय. म्हणजे आम्ही काय बोलतोय ते तिला पाण्याखालून ऐकल्यासारखं येत होतं!

डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन नाही सांगितलं. बऱ्याच मुलांमध्ये हे पाणी आपोआप जातं म्हणून तीन महिने वाट बघितली. आमचं नाही गेलं, मग ग्रोमेट बसवले (पडद्यात बारीकशी नळी) आणि त्याच वेळी नाकामागच्या वाढलेल्या गाठीही काढल्या. त्यानंतर घरी आल्यावर मिक्सर लावला तर घाबरून रडायलाच लागली, तोपर्यंत कधी रडली नव्हती. शब्द लगेच नाही आले हं, तशी अपेक्षा ठेवू नका, स्पीच थेरपी लागलीच. पण आता ती ऐकून तरी शिकत होती.

आणि हो, जन्मल्यावर हॉस्पिटलमध्ये कानाची टेस्ट पास झाली होती. त्यावर विसंबू नका, हे नंतरही होतं.

*

बाबा, पुणे

माझा अनुभव जरा वेगळा आहे आणि लांबही आहे, सॉरी. मुलगा दोन वर्षांचा असताना पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला, मोबाइल बंद करा, बोलेल. बायकोकडे असं बघून म्हणाले की ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मोबाइल तर बंद केलाच, टीव्हीची वायरसुद्धा काढून ठेवली. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची सूचनाच आहे की दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच वयात दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको, ते बरोबरच आहे, त्याला विरोध नाही. पण आमच्याकडे काही महिने गेले आणि फरक शून्य.

कारण आमचा प्रश्न फक्त बोलण्याचा नव्हता. तो बोटच दाखवायचा नाही. धागाकर्तीने लिहिलंय ना की तिचा मुलगा बोट दाखवतो, हे मला फार मोठं वाटतं. आमचा माणसाचा हात एखाद्या अवजारासारखा धरून डब्यावर नेऊन ठेवायचा, तोंडाकडे बघायचाच नाही. नावाने हाक मारली तर वळायचा नाही, पण बिस्किटाच्या पाकिटाचा आवाज आला की दुसऱ्या खोलीतून हजर. गाडी उलटी करून चाकं फिरवत बसणं. विमान चाललंय, बघ बाबा, असं काही दाखवायला आणणं कधीच नाही. हे सगळं आम्हाला दिसत होतं पण जोडून बघायला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांचा विकास बघणारे खास बालरोगतज्ज्ञ) गेलो, आधी प्रश्नावली, मग खेळता खेळता बराच वेळ निरीक्षण, आणि ऑटिझम असं निदान झालं.

आता साडेपाच वर्षांचा आहे. चित्रांच्या कार्डांनी सुरुवात केली, पाणी हवं तर पाण्याचं कार्ड हातात द्यायचं. नातेवाईक म्हणाले कार्डांची सवय लागली तर कधीच बोलणार नाही. उलट झालं, मागितलं की मिळतं हे एकदा कळल्यावर आदळआपट कमी झाली आणि कार्ड देताना आवाज यायला लागला. आज तो दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, बरीचशी मागण्याचीच. गप्पा नाही मारत. कदाचित मारेल, कदाचित नाही, आम्ही त्यावर आता रोज चर्चा करत नाही.

पैशांचं कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. थेरपी महाग आहे आणि नेहमीच्या मेडिक्लेमचा आम्हाला काही उपयोग झाला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे सर्टिफिकेट निघतं, आणि नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंतचं कव्हर, त्यात थेरपीचाही भाग धरलाय. सगळा खर्च निघत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

*

आई, कोल्हापूर

आमचा काहीच न करता बोलला. सव्वादोन वर्षांपर्यंत मोजून पाच-सहा शब्द, नंतर एकदम बांध फुटल्यासारखं. पण वरच्या दादांचं वाचून सांगते, आमच्याकडे समजणं, बोट दाखवणं, टाळ्या, टाटा, लपाछपी, नकला सगळं वेळेवर होतं. आणि कानाची टेस्ट आम्ही केली होती. त्यामुळे 'आमचा आपोआप बोलला' हे माझं वाक्य कोणी आपल्या सासूला नेऊन दाखवू नका!

*

आई, न्यू जर्सी

इथे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन असतं, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देणारी सरकारी सेवा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईवडील स्वतः फोन करू शकतात, तपासणी फुकट होते आणि फोननंतर ४५ दिवसांत तपासणी करून पुढचा प्लॅन ठरवायचा असा नियमच आहे. माणसं घरी येतात. आमच्याकडे आलेली थेरपिस्ट जमिनीवर बसली आणि आमचेच चमचे-वाट्या घेऊन खेळायला लागली, मी आपली महागडी खेळणी मांडून ठेवली होती.

खरा ताप झाला तो भाषेवरून. डेकेअरवाल्यांनी सुचवलं की घरी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी मूल कन्फ्यूज होतंय. भारतातूनही तेच, अगं एकच काहीतरी धरा. थेरपिस्टने मात्र साफ सांगितलं की दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही, ज्या भाषेत तुम्ही सहज बोलता, चिडवता, गाता त्याच भाषेत बोला. तिने शब्दांची यादी करायला लावली आणि दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले. 'मोअर', 'अजून', 'शूज', 'पाणी', सगळे धरायचे. माऊ आणि भू भू पण धरायचे, मुलगा दर वेळी मांजरालाच माऊ म्हणत असेल तर तो शब्दच आहे. दोन वर्षांचं मूल साधारण ५० शब्द आणि दोन शब्द जोडून बोलायला हवं म्हणतात, आमची यादी तेवढी नव्हतीच, पण डेकेअरने सांगितली होती त्याच्या बरीच जास्त निघाली. माझ्या नवऱ्याने घरात तोडकंमोडकं इंग्लिश सुरू केलं होतं ते बंद झालं हा बोनस.

एक सूचना, तिसऱ्या वाढदिवसाला ही सेवा संपते आणि पुढे शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जावं लागतं. त्याचे कागद आधीच सुरू करा.

*

अंगणवाडी सेविका, बार्शी तालुका

मी शहरातली नाही, आमच्याकडे थेरपिस्ट वगैरे कोणी नसतं. पण सरकारी सोय आहे आणि ती लोकांना माहीत नसते म्हणून लिहिते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची गाडी डॉक्टर घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. जन्मतः व्यंग, आजार, कमतरता आणि विकासात मागे पडणं हे सगळं ते बघतात, बोलणं आणि ऐकणं पण त्यात आलं. काही वाटलं तर जिल्ह्याच्या डीईआयसीला पाठवतात, म्हणजे अशा मुलांची तपासणी आणि उपचार करणारं सरकारी केंद्र. माझ्या अंगणवाडीतल्या एका पोराला तिथूनच कानाचं मशीन मिळालं. गाडी येईल तेव्हा पोराला घरी ठेवू नका बायांनो, लाजू नका. आम्ही सांगितलं तर आमच्यावर राग धरतात, माझं पोरगं काय मुकं आहे का म्हणून.

दुसरं. आमच्याकडे पोरगं बोललं नाही की वेखंड उगाळून जिभेला लावतात, अक्कलकारा मधात घालून चाटवतात, कोणी शंखातलं पाणी पाजतात, पोपटाने उष्टावलेलं डाळिंब सुद्धा खायला घालतात. शंखातल्या पाण्याचं मी काही म्हणत नाही, चांगलं पाणी असलं म्हणजे झालं. पण वेखंड पोटात गेलेलं चांगलं नाही, पोरं उलट्या करतात, आणि वर्षाच्या आतल्या लेकराला मध द्यायचाच नाही. म्हाताऱ्या माणसांशी भांडून उपयोग नसतो. मी म्हणते आजी, तुम्ही औषध नका देऊ, तुम्ही गोष्ट सांगा, तुमच्यासारखी कोणाला येत नाही. ऐकतात.

*

स्पीच थेरपिस्ट, ठाणे

धागाकर्तीताई, २२ महिन्यांना समज चांगली, बोट दाखवणं आहे, शब्द थोडे, हे ऐकून मी घाबरणार नाही पण वाढदिवसाची वाटही बघणार नाही. कानाची तपासणी आत्ताच करा आणि एकदा मूल्यमापन करून घ्या. मूल बोलायला लागलं तर नुकसान काय झालं? आणि नाही लागलं तर हे महिने हातात राहतील. जिभेची तार कापून आणा असं कोणी सांगितलं तर आधी मला विचारा हो, तार आखडलेली असली तर दूध ओढायला किंवा काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण त्यामुळे मूल मुळात बोलतच नाही असं होत नाही.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, थेरपिस्टची नोंदणी करणारी सरकारी परिषद) रजिस्ट्रेशन आहे का ते सरळ विचारा. आजकाल बोर्ड लावणारे खूप झालेत. आणि जो थेरपिस्ट तुम्हाला बाहेर बसवून दार लावून घेतो आणि नंतर काय केलं ते सांगत नाही, त्याच्याकडे का जायचं? आठवड्यातला एखादा तास आमच्याकडे, बाकी सगळा वेळ मूल तुमच्याकडे असतं.

घरी काय करायचं, तर पहिलं म्हणजे परीक्षा घेणं बंद. हे काय आहे, बोल, बोल ना, मावशीला म्हणून दाखव, यातलं एकही नको. त्याच्या उंचीला खाली बसा, तो जे करतोय त्यावर दोन शब्द बोला, गाडी पडली, धपकन, आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं आईवडिलांना सगळ्यात अवघड जातं. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तो 'पॉम' म्हणाला की तुम्ही 'पॉम, लाल गाडी' म्हणा, एक पायरी वर, पाच नाही. दूध की पाणी असं दोन्ही हातांत धरून विचारा, म्हणजे मान हलवून भागत नाही. आवडता डबा दिसेल पण हात पोचणार नाही असा ठेवा. मात्र बोलल्याशिवाय देणारच नाही असा हट्ट धरू नका, आवाज केला, बघितलं, बोट दाखवलं तरी शब्द म्हणून दाखवा आणि द्या. उपाशी ठेवून कोणी बोलत नाही.

*

आजोबा, डोंबिवली

दिवसभर नात आमच्याकडे असते, मुलगा-सून दोघं लोकलने जातात. थेरपीवाल्या मॅडमनी मला सांगितलं आजोबा, तुम्ही फार कमी बोलता. आमच्या हिला हे ऐकून जो आनंद झाला तो विचारू नका, पस्तीस वर्षं हेच सांगत होती म्हणे. तेव्हापासून माझी कॉमेंट्री सुरू. कांदा कापला, डोळ्यांत पाणी, फुर्र करून नाक पुसलं. संध्याकाळी पुलावर उभं राहून आली गाडी, थांबली गाडी, गेली गाडी. लोक बघतात, बघू देत. एक गोष्ट मी स्वतः शोधली, नेहमीच्या वाक्याचा शेवट सोडून द्यायचा. आली... म्हणून थांबायचं. बरेच दिवस ती नुसती माझ्याकडे बघायची. मग एकदा 'दाडी' म्हणाली. मी 'गाडी म्हण' असं म्हणालो नाही, मॅडमनी ताकीद दिली होती. मी फक्त म्हटलं हो, गाडी. आता मालगाडी आली की 'मोठी दाडी'.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या दादांचा अनुभव नवऱ्याला वाचून दाखवला, काही बोलला नाही पण अपॉइंटमेंट त्यानेच घेतली. ओएई करणार आहेत आणि गरज पडली तर बेरा म्हणाले, दोन्ही ऐकू येतं का ते बघायच्या टेस्ट. बेराला मूल झोपलेलं लागतं ना? आमचा तर अनोळखी जागी झोपणं शक्यच नाही. कोणाला अनुभव?

*

आई, मुंबई

आम्ही बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत केली होती, केंद्र सरकारची संस्था आहे, १९८३ पासूनची, गर्दी असते पण काम नीट करतात. ओएई दोन-तीन मिनिटांत होते, मूल शांत असलं की पुरे. बेराला मात्र गाढ झोप हवी, कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, आणि जाताना गाडीत अजिबात डुलकी लागू देऊ नका, हे सगळ्यात कठीण, एक माणूस फक्त त्यासाठी बरोबर न्या. त्याची रोजची चादर आणि दुधाचा कप घ्या. डोक्याला तेल लावू नका, वायरी चिकटत नाहीत. नाहीच झोपला तर डॉक्टर झोपेचं सिरप देतात, पण ते तिथेच, त्यांच्या देखरेखीखाली, घरून देऊन जायचं नाही. आणि सर्दी-खोकला असेल तर आधी फोन करा, कधी कधी तारीख पुढे ढकलतात.