विजेच्या आद्य संशोधकांनी स्वतः काय वाचले होते?

प्रश्न – विज्ञान शिक्षिका, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आम्ही यंदा विजेचे आद्य संशोधक हा विषय घेतला आहे. मुलांनी जमवून आणलेल्या माहितीत प्रत्येक संशोधक जन्मतःच असामान्य असतो आणि एके दिवशी त्याला शोध लागतो. मधली वर्षे कुठेच नसतात. परवा एका मुलीने विचारले, "बाई, फॅरेडे शाळेत फारसा गेलाच नाही, तर त्याला वीज शिकवली कोणी?" तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार होता आणि तिथे येणारी पुस्तके वाचत असे, असे मी सांगितले. त्यावर तिने लगेच विचारले, "कोणती पुस्तके?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही आणि ते मनाला लागून राहिले आहे.

सामान्य वाचकांसाठी लिहिलेले असे कोणते लेखन त्या काळी होते, की जे वाचून एखादा मुलगा संशोधक होऊ शकला? त्याच काळात मराठीत असे काही लिहिले जात होते का? आणि त्या वाचनाशी जोडलेला एखादा प्रयोग आमच्या वर्गात करता येईल का?

उत्तर 1 – निवृत्त विद्युत अभियंता, धरमपेठ

त्या मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर नेमके देता येते. फॅरेडेच्या हाती दुकानात दोन गोष्टी आल्या: ब्रिटानिका विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या लेखिकेचे 1806 मधील रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक. त्यात एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी, एमिली व कॅरोलाइन, एकमेकींशी बोलत विषय उलगडत जातात. पुस्तकावर सुरुवातीला लेखिकेचे नावही नव्हते. मार्सेटबाई 1858 मध्ये वारल्या, तेव्हा फॅरेडेने एका पत्रात लिहिले की त्यातील विधाने आपण परवडतील तेवढ्या लहान प्रयोगांनी तपासून पाहिली, ती खरी निघाली आणि म्हणूनच आपला त्या पुस्तकावर विश्वास बसला. माझ्या मते सगळे मर्म इथेच आहे. ते लेखन वाचून बाजूला ठेवण्यासाठी नव्हतेच, वाचकाने ते हाताने करून पाहावे याच बेताने लिहिले होते. एडिसनचेही तेच. वयाच्या नवव्या वर्षी आईने दिलेल्या पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकातले प्रयोग त्याने घरीच करून पाहिले होते.

वर्गातील प्रयोग फॅरेडेच्याच पत्रातून घ्यावा. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने आपल्या विद्युत्-चितीचे, म्हणजे दोन धातूंच्या चकत्या एकावर एक रचून केलेल्या पहिल्या बॅटरीचे, वर्णन 20 मार्च 1800 च्या पत्रात लंडनला कळवले. त्यानंतर बारा वर्षांनी, जुलै 1812 मध्ये, अजून उमेदवारच असलेल्या फॅरेडेने मित्राला मोठ्या उत्साहाने लिहिले की आपण स्वतः जस्ताच्या सात चकत्या कापल्या, त्यांवर अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी ठेवली आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घातले. एवढ्याशा चितीने त्याने मॅग्नेशियम सल्फेटचे विघटन करून दाखवले. त्याच वर्षी त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतील रसायनशास्त्रज्ञ डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून डेव्हीकडे पाठवली आणि 1813 मध्ये त्याला त्याच संस्थेत काम मिळाले.

आपली आजची रुपयाची नाणी पोलादाची असल्याने इथे चालणार नाहीत. इतवारीत तांब्या-पितळेची भांडी विकणाऱ्यांकडे पत्र्याचे तुकडे मिळतील का ते पाहावे. जस्तासाठी जस्ताचा जाड मुलामा दिलेले वायसर चालतात. जस्त काढण्यासाठी जुने सेल मुलांना फोडायला देऊ नयेत. एका जोडीतून साधारण पाऊण व्होल्ट मिळतो, त्यामुळे चार-पाच जोड्यांवर लाल एलईडी मंद का होईना पेटायला हवा. त्याचा लांब पाय तांब्याच्या बाजूला जोडावा.

उत्तर 2 – जुन्या नियतकालिकांचा वाचक, महाल

मराठीपुरते सांगतो. 1832 मध्ये 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. इतिहास-भूगोलाच्या जोडीने भौतिक आणि रसायन हे विषय मराठी वाचकापुढे आणावेत हा त्यामागचा हेतू होता. काळाचे अंतर पाहा: फॅरेडेने विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे चुंबकत्वातील बदलाने तारेत वीज निर्माण करण्याचा, प्रयोग 29 ऑगस्ट 1831 रोजी केला, म्हणजे 'दर्पण' निघण्याच्या जेमतेम चार महिने आधी. 1850 मध्ये सुरू झालेल्या 'मराठी ज्ञानप्रसारक'नेही तोच वसा पुढे चालवला. त्या काळी तार ही नवलाईच होती. कलकत्त्यात ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये तारायंत्राचे प्रयोग केले आणि 1855 मध्ये तार सर्वसामान्य जनतेसाठी खुली झाली.

प्रश्न विचारणाऱ्या तुमच्या विद्यार्थिनीला शंकर आबाजी भिसे यांच्याविषयी अवश्य सांगावे. 1867 मध्ये मुंबईत जन्मलेल्या या संशोधकाने आपले यंत्रज्ञान बरेचसे 'सायंटिफिक अमेरिकन' वाचून मिळवले, असे स्वतः सांगितले होते. 1845 मध्ये निघालेले हे नियतकालिक नव्या यंत्रांच्या आकृत्या आणि पेटंटांची माहिती छापत असे. डिसेंबर 1877 मध्ये एडिसनने आपला फोनोग्राफ, म्हणजे आवाज नोंदवून पुन्हा ऐकवणारे यंत्र, या नियतकालिकाच्याच कचेरीत नेऊन टेबलावर ठेवला आणि मूठ फिरवताच यंत्राने संपादक मंडळींची खुशाली विचारली. पुढे भिसे यांनी स्वतः 'विविध कला प्रकाश' हे मराठी विज्ञान नियतकालिक काढले. जे आपल्याला इंग्रजीतून मिळाले ते मराठी मुलांना मराठीतून मिळावे, असे त्यांना वाटले याचा मला मनापासून आदर वाटतो.

उत्तर 3 – पालक, प्रतापनगर

एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. वादळात पतंग उडवून ढगांतील वीज खाली आणण्याची अमेरिकन संशोधक फ्रँकलिनची गोष्ट प्रदर्शनात येणारच आणि नागपुरात संक्रांतीला पतंग किती उडतात हे आपण जाणतो. ऑक्टोबर 1752 मध्ये फ्रँकलिनने आपल्या वृत्तपत्रात हा प्रयोग कसा करावा ते छापले, पण तो स्वतः केला असे त्यात म्हटले नव्हते. सविस्तर हकीकत आली ती 1767 मध्ये प्रीस्टली या इंग्लिश शास्त्रज्ञाने लिहिलेल्या विजेच्या इतिहासातून. मुलांना मात्र रिखमान या शास्त्रज्ञाचे नाव आधी सांगावे. सेंट पीटर्सबर्गमध्ये 1753 साली वादळात आकाशातील वीज मोजण्याचा प्रयत्न करताना तो विजेच्या धक्क्याने जागीच मरण पावला. करून पाहण्यासारखे प्रयोग आणि चुकूनही करू नयेत असे प्रयोग यांचे फलक वेगवेगळे असावेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. पतंगाच्या गोष्टीशेजारी रिखमानचा फलक मोठ्या अक्षरांत लावणार आहोत.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सात जोड्यांची चिती रचली. पहिल्या वेळी एलईडी मुळीच पेटला नाही. जोडण्या उलटसुलट करून पाहिल्या, वायसर काचकागदाने घासले, तरी काही होईना. त्या मुलीनेच चितीला बोट लावून पाहिले, तर मिठाचे पाणी कागदांतून गळून चकत्यांच्या कडांवरून खालपर्यंत ओघळत होते. म्हणजे वीज एलईडीकडे न जाता बाहेरच्या बाहेर त्या ओलीतूनच वाहून जात होती. चिती मोडली, चकत्या पुसल्या, कागद चकत्यांपेक्षा थोडे लहान कापले आणि भिजवून चांगले पिळून घेतले. या वेळी खिडक्या लावून घेतल्यावर लाल ठिपका स्पष्ट दिसला. मुलांनी मार्सेटबाईंच्या पुस्तकासारखाच एक संवाद मराठीत लिहायला घेतला असून त्यात ही ओघळ आणि तिचा शोध जसाच्या तसा येणार आहे.

निघताना त्या मुलीने प्रयोगशाळेत मॅग्नेशियम सल्फेट आहे का, असे विचारले. बाटली आहे. सोमवारी मधल्या सुट्टीत फॅरेडेसारखे त्याचे विघटन करून पाहायचे ठरले आहे.