बीपीच्या गोळीबरोबर क्रिएटिनिन कशाला?
एकांनी विचारलंय की बीपी हा हार्टचा प्रश्न, मग डॉक्टर क्रिएटिनिन ही किडनीची रक्ताची टेस्ट का लिहून देतात. अहो, बीपीचा मोठा कारभार किडनीच बघते. तिच्याकडे येणाऱ्या रक्ताचं प्रेशर कमी झालं की ती रेनिन नावाचं एन्झाइम रक्तात सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन हे हार्मोन तयार होऊन रक्तवाहिन्या आवळतात, वर अल्डोस्टेरॉन या हार्मोनमुळे लघवीतून जाणारं मीठ-पाणी परत आत ओढलं जातं, की प्रेशर चढलंच. १९३४ साली गोल्डब्लाट या अमेरिकन संशोधकाने कुत्र्यांच्या किडनीची रोहिणी क्लॅम्पने नुसती अरुंद केली तरी बीपी वाढलं, हार्टला हातही न लावता. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या हीच साखळी अडवतात म्हणून त्या सुरू केल्यावर थोड्या दिवसांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात, ती टेस्ट प्लीज टाळू नका. आणि गुडघेदुखीसाठी मनानेच डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही किडनी मीठ धरून ठेवते.