ट्रामाडॉलची सवय: आधी ओपीडी की थेट केंद्रात भरती?

रंकाळाकाठ:
कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत वजनं उचलून कंबर धरलेल्या माणसाला ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या गटातलं वेदनाशामक, लिहून दिलं जातं. चिठ्ठी पाच दिवसांची असते, गोळी वर्षभर चालते. घरच्यांना कळेपर्यंत दिवसाला आठ कॅप्सूल झालेल्या असतात आणि सगळे एकच सांगतात, 'उचला आणि व्यसनमुक्ती केंद्रात टाका.' मला हे अजिबात पटत नाही. ५० मिलिग्रॅमच्या आठ म्हणजे ४०० मिलिग्रॅम, दिवसाची कमाल मर्यादा. एवढं औषध एका रात्रीत तोडलं की १२ ते २४ तासांत जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय एका जागी न ठरणं सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर सर्वात जास्त. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करतं, म्हणून काहींना भास होतात, प्रचंड घाबरायला होतं.

आधी मानसोपचार ओपीडी गाठावी. सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात, केसपेपर काढा, रोजचा खरा आकडा सांगा, लपवू नका. मग डॉक्टर आखतील तशी उतरण, म्हणजे डोस हळूहळू कमी करणं, साधारण आठवड्या-पंधरवड्याला एक कॅप्सूल कमी. शेवटी वेग आणखी मंद हवा. आठाच्या सात केल्या तर आठवा हिस्सा गेला, दोनाची एक केली तर निम्मं गेलं. बहुतेक उतरणी इथंच फसतात. कॅप्सूल अर्धी होत नाही, तिथं ५० ची साधी गोळी मागून घ्यावी. एसआर (हळूहळू औषध सोडणारी) लिहिलेली गोळी तोडू किंवा चुरू नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

पंचगंगा:
दादा, हिशोब बरोबर आहे, पण तो घरात टिकत नाही. तिसऱ्या आठवड्यात कंबर ठणकते. तो ठणका बराचसा औषध कमी झाल्याचा असतो, पण माणसाला वाटतं दुखणं वाढलं, गोळी हवीच. मग दुसऱ्या पेठेतलं मेडिकल. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर झोपेत श्वास मंदावतो, आणि घरात ते कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रामाडॉलनं फिट येऊ शकते, ती येऊन गेली असेल तर ओपीडी कशाला? तिथं भरतीच हवी.

आणखी एक गोष्ट घरचे पाहतच नाहीत. पॅरासिटामॉल मिसळलेल्या गोळीत ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. अशा चौदा गोळ्या झाल्या तर पॅरासिटामॉल ४५५० मिलिग्रॅम झालं, ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली. यकृताची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

गोळीनोंद:
दुकानाच्या बाजूनं सांगते. ट्रामाडॉल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या आणि नोंद ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. डॉक्टर, पेशंट, औषध, नग, सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. २०१८ पासून ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. 'जुनीच चिठ्ठी आहे, द्या की' म्हणून स्ट्रिप मिळते, तिथं उतरण मोडते. उतरण टिकवायची तर चिठ्ठी एका डॉक्टराची, दुकान एकच आणि माल आठवड्याचाच. स्ट्रिप घरातल्या एकाकडे. कात्रीनं दिवसाचे तुकडे कापून मागच्या फॉइलवर बॉलपेननं तारीख घालायची. परवाची तारीख आजच फोडलेली दिसली, तर भांडू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

तालीम:
ओपीडीतही जिभेखाली बुप्रेनॉर्फिन, म्हणजे अफूच्याच गटातलं दुसरं औषध, देतात. एक व्यसन काढून दुसरं लावायचं, याला उपचार म्हणायचं?

गोळीनोंद:
म्हणायचं, भाऊ. त्याचा परिणाम एका पातळीपुढे वाढत नाही, तलफ दबते, माणूस कामावर जातो. मात्र ते उतावळेपणानं सुरू केलं तर उलटतं. शेवटच्या ट्रामाडॉलनंतर किमान १२ तास जाऊन त्रासाची लक्षणं स्पष्ट दिसायला हवीत. आधी दिलं तर ते ट्रामाडॉलला हुसकावून लावतं आणि सगळा त्रास एकदम उसळतो. 'औषध सोसलं नाही' म्हणून लोक तिथंच सोडतात. खरं तर वेळ चुकलेली असते.

रंकाळाकाठ:
ताई, फिट, दारू, झोपेच्या गोळ्या असतील तर भरती, हे मान्य. पण माणसाच्या मर्जीविरुद्ध हातपाय धरून गाडीत घालणं बेकायदा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनालाही लागू आहे. माणूस स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल तर कलम ८९ खाली आधार देऊन भरती करता येते, पण दोन तज्ज्ञांनी, त्यातले एक मानसोपचारतज्ज्ञ, वेगवेगळं तपासल्यावर आणि ३० दिवसांपर्यंतच. साखळी घालणं तर पूर्ण बंद.

पंचगंगा:
कायदा मलाही तेवढाच महत्त्वाचा वाटतो. म्हणून भरतीआधी केंद्राला विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, रात्री फिट आली तर कोण बघतं. आणि सुट्टी झाल्यावर काय? महिनाभर कोरडा राहिलेल्या शरीराची सहनशक्ती गेलेली असते. घरी येऊन त्यानं जुन्याच आठ एकदम घेतल्या तर जीव जाऊ शकतो. सुट्टीच्या कागदावर पुढच्या ओपीडीची तारीख नसेल तर ती लिहून घेतल्याशिवाय पेशंट घरी आणू नका. आणि तो यायच्या आधी उशीखालची, डब्यातली, गाडीच्या डिकीतली प्रत्येक स्ट्रिप घराबाहेर काढा. तुमच्या घरच्या उतरणीत नेमकं हेच राहून जातं, दादा.

रंकाळाकाठ:
डिकीचं माझ्याकडून राहिलंच होतं. भरतीचा आग्रह मला अजूनही घाईचा वाटतो, पण रात्री काही झालं आणि कुठं जावं कळेना, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, मनाची घालमेल असेल तर १४४१६. श्वास मंद किंवा ओठ निळे दिसले तर फोनवर सल्ला घेत बसू नका, १०८ लावा.