तलावाचा जुना मातीचा बांध बदलायचाय, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: बांधाची उंची ६ मीटर. पायथ्याशी लोखंडी विमोचक नळाच्या (तलावातलं पाणी बाहेर सोडणारा नळ) कडेने पाझर वाढलाय, पाणी गढूळ येतंय. तलाव पूर्ण रिकामा न करता नवा बांध घालता येईल का?

उत्तर १: गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चाललीय. आराखडा नंतर, आधी पातळी उतरवा. पण दिवसाला ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. घाईने उतरवलं तर पाण्याकडच्या उतारात अडकलेल्या पाण्याचा दाब तसाच राहतो आणि तो उतारच घसरतो. पाझराच्या तोंडाशी व्ही-नॉच (प्रवाह मोजायची V आकाराच्या खाचेची पट्टी) बसवून पाझर रोज मोजा.

उत्तर २: जागा असेल तर नवा बांध जुन्याच्या खालच्या अंगाला (तलावाच्या उलट बाजूला) घ्या, बांधकामात जुना आडबांधाचं, म्हणजे पाणी अडवून धरायचं, काम करतो. मात्र पायाचर खोदताना जुन्याचा पायथा उघडा पडतो, त्याची स्थिरता आधी तपासाच. पुराच्या पाण्यासाठी तात्पुरता सांडवाही हवा.

उत्तर ३: नव्या नळाभोवती, बांधाच्या रुंदीच्या तलावाच्या उलट बाजूकडच्या एक-तृतीयांश भागात, वाळूचा गाळणथर (पाणी जाऊ देणारा पण माती अडवणारा थर) द्या, नाहीतर हाच पाझर परत. भराव २०-२५ सेंटीमीटरच्या थरांत, योग्य ओलाव्यावर दाबायचा. नळालगत रोलर पोचत नाही, तिथे हाताचा धुम्मस. घाई नेमकी तिथेच होते.