प्रोसेसर बदलला आणि डिस्प्ले गेला: तुमचे अनुभव सांगा (अनुभव धागा)

धागाकर्ती, पुणे

पीसी जुना झाला की सगळा नवा घेण्यापेक्षा नुसता प्रोसेसर बदलावा, हा आपल्याकडचा लाडका उद्योग. सेकंडहँड तुकडा बऱ्या भावात मिळतो, सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) जुळतं, काम तासाभराचं. मग बटण दाबावं तर पंखे गरगर फिरतायत आणि मॉनिटर काळाठिक्कर. लगेच निकाल लागतो: विकणाऱ्यानं मेलेला प्रोसेसर गळ्यात मारला! माझ्या मते हा निकाल दहातल्या नऊ वेळा घाईचा असतो. प्रोसेसर ही पीसीतली सर्वांत कमी मरणारी वस्तू आहे.

ताजं उदाहरण भाच्याचं. बी४५० मदरबोर्डावर एएमडीचा रायझन २६०० प्रोसेसर होता, त्याजागी त्यानं ५६०० बसवला. डिस्प्ले नाही. विकणाऱ्याशी भांडण पेटायच्या बेतात होतं. मी म्हटलं, आधी जुना परत बसव. जुन्यावर मशीन मुकाट सुरू झालं, म्हणजे रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), बोर्ड सगळं निर्दोष. मग बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी काढली. ५६०० समोर बायोसची (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) जी आवृत्ती लिहिली होती, तिच्यापुढे आमचा २०१८चा बायोस म्हणजे पणजोबा. तो प्रोसेसर बाजारात आला २०२२ मध्ये, बोर्डाला तो ओळखू येणार कसा? जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट केला (मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागली, तशी टीप साइटवर होती), मग नवा बसवला आणि डिस्प्ले आला.

एएम४च्या (या रायझनांचं सॉकेट) बाबतीत एक गोम आहे. अनेक बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची. नव्या प्रोसेसरांना जागा करायला काही आवृत्त्यांमधून जुन्यांचा आधार काढून टाकलाय. म्हणून अपडेट करण्याआधी त्याखालची बारीक अक्षरं वाचा, परतीचा रस्ता बंद होऊ शकतो.

तुम्ही सांगा: नेमकं काय दिसलं, कारण काय निघालं, आणि ते सापडलं कसं?

दुकानदार, लॅमिंग्टन रोड, मुंबई

ताई, बायोस पहिला हे बरोबर. पण आमच्याकडे उचलून आणलेल्या मशीनमध्ये दुसरा नंबर अगदी बावळट कारणाचा: प्रोसेसरच्या पॉवरची आठ पिनांची वायर. कूलर बसवताना अडते म्हणून काढतात आणि ती एसएमपीएसच्या मागे लोंबकळत राहते. चोवीस पिनांची मोठी वायर लागलेली असते, त्यामुळे पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "पॉवर तर येतेय."

माझी पद्धत सांगतो. बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच काडी, बाकी सगळं काढून. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांत एकटी काडी प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची. बटन सेल काढून थोडा वेळ थांबायचं, म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठी रॅमचा जो वेग ठरवलेला होता तो पुसला जातो. मग बोर्डावरचे चार बारके दिवे बघायचे: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. कुठल्या दिव्यावर अडतंय ते बघितलं की अर्धं निदान झालं. जुन्या बोर्डावर दिवे नसतात, तिथे बीप ऐकायचा छोटा स्पीकर लावा. हल्लीच्या कॅबिनेटबरोबर तो येत नाही.

आणि जुना प्रोसेसर विकून टाकला असेल तर बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. असेल तर प्रोसेसर नसतानाही बायोस भरता येतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला, फाइलला कंपनीनं सांगितलेलं नाव, आणि खूण केलेल्याच यूएसबी पोर्टमध्ये. दिवा लुकलुकत असताना हात लावायचा नाही. लाइट जाणाऱ्या गावात हे यूपीएसवरच करा.

शिक्षक, सोलापूर

आमच्या शेजाऱ्यांच्या एच११० बोर्डावर इंटेलचा सहाव्या पिढीचा आय३ होता. त्यांनी आठव्या पिढीचा आय३-८१०० आणला. दोन्हीकडे सॉकेट लिहिलंय एलजीए११५१. बसतोही अगदी बरोबर. पण सुरू झालाच नाही. आठव्या पिढीपासून पिनांची विजेची मांडणी बदलली आणि तिला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. इथे कंपनीचा बायोस अपडेट करूनही काही होत नाही. शेवटी तो परत देऊन आय५-६५०० घेतला, तो अपडेटशिवाय चालला. सॉकेटचा आकडा जुळला म्हणजे सोयरीक जमली असं नाही, बोर्डाचा चिपसेटही (एच११०, ३०० मालिका ही त्याचीच नावं) विचारा.

ठाणेकर

छोटासा किस्सा. मेहुण्यांनी ५६००जी काढून ५६०० लावला आणि एचडीएमआयची वायर बोर्डालाच ठेवली. 'जी' गेला तसं आतलं ग्राफिक्सही गेलं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावेपर्यंत डिस्प्ले कुठून येणार? इंटेलमध्ये नावामागे 'एफ' असेल तर हीच गत.

लातूरकर

आमचा घोळ नवा प्रोसेसर बसवण्याच्या आधीच झाला. एएम४मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वरून कूलर ओढला की दोघांमधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळलेली असल्यामुळे बंद सॉकेटमधूनही प्रोसेसर उपटून येतो. चुलतभावाच्या मशीनचा जुना प्रोसेसर असाच आला. एका कोपऱ्यातल्या पिना वादळात आडव्या पडलेल्या ज्वारीसारख्या. नव्याला बायोस अपडेट हवा, अपडेटला जुना हवा, आणि जुना हा असा.

गावातल्या घड्याळवाल्या काकांनी भिंग लावून, शिसं काढलेल्या ०.५ मिमीच्या क्लच पेन्सिलच्या टोकानं एकेक पीन उभी केली. घाई नाही, एका दमात सरळ करायचा हट्ट नाही. मग जुना चालला. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा: कूलर काढण्याआधी मशीन थोडा वेळ जोरात चालवून पेस्ट गरम करायची, बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलके पिळायचा आणि सुटला की मगच उचलायचा.

म्युनिकहून

माझं मशीन उठलं, अडलं पुढे. नवा रायझन लावल्यावर काळ्या पडद्यावर संदेश: नवा सीपीयू आहे, एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचं तर वाय, नाहीतर एन. बहुतेक लोक वाय दाबून मोकळे होतात. पण डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर विंडोज नंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर तुमचे फोटो तुम्हालाच पारखे. मी एन दाबलं, जुना प्रोसेसर परत लावला, बिटलॉकर तात्पुरतं थांबवलं, की कागदावर उतरवली आणि मग पुन्हा बदल केला. त्याच संदेशात लिहिलेलं असतं की जुन्या प्रोसेसरवर परत गेलात तर किल्ल्या शाबूत राहतात. वाचतं कोण!

नागपूरकर

सर्व्हरचा झिऑन ई५४५० घरच्या ७७५ सॉकेटात बसवणारे इथे कोणी आहेत का? आम्ही केलंय. झिऑनच्या ७७१ सॉकेटचे दोन संपर्क अदलाबदल करणारं स्टिकर चिकटवायचं, खाचा जुळवायला सॉकेटचे दोन खुंट छाटायचे. पहिल्यांदा डिस्प्ले आलाच नाही. स्टिकर केसभर सरकलेलं होतं. ते नीट बसल्यावर सुरू झालं, पण बायोसमध्ये त्या प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याला ओळखून चालवणाऱ्या सूचना) घालेपर्यंत वागणं विचित्रच होतं. व्यवहार म्हणून कोणाला सुचवणार नाही, पण मजा फार आली.

पणजीहून

एएम५वाल्यांसाठी (एएम४नंतरचं सॉकेट) एवढंच: डीडीआर५ रॅमची पहिली जुळवणी होताना पडदा काही मिनिटं काळाच राहतो. रॅम जास्त असेल तर आणखी वेळ. लोक घाबरून बटण दाबतात आणि जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा टाका.

धागाकर्ती, पुणे

@लातूरकर, घड्याळवाल्या काकांना नमस्कार सांगा. एका वाचकानं विचारलंय की एलजीए बोर्डावर (इथे पिना प्रोसेसरला नाही, सॉकेटमध्ये असतात) प्रोसेसर बदलल्यापासून दोनपैकी एकच रॅम दिसते. मी कूलरचे स्क्रू थोडे सैल करून बघायला सांगितलंय, एका बाजूनं जास्त आवळले की असं होतं. त्यानं फरक पडला नाही तर प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिनांचा भिंगातून फोटो काढून इथे टाका. दुकानदार दादा, तुम्हीही बघा जरा.